वाकड्या कोपराचा सरळ चेंडू

मे १९८२. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात जागतिक स्नूकर अजिंक्यपद स्पर्धेची उपान्त्य लढत शेवटाला आली होती. नुकताच विशीत पोचलेला जिमी व्हाइट १५-१४ असा पुढे होता आणि चालू फ्रेममध्येही ५९ गुण करून बसला होता. समोरच्या अॅलेक्स हिगिन्सच्या खात्यावर शून्य. ही फ्रेम गेली की सामना गेला. व्हाइटचा एक लाल चेंडू हुकला आणि हिगिन्स टेबलावर वाकला.

त्यानंतरचा ६९ गुणांचा ब्रेक स्नूकरच्या चाहत्यांना आजही तोंडपाठ आहे. त्यातला निळ्या चेंडूचा फटका तर जाणकार पुन्हापुन्हा लावून पाहतात. निळा हिरव्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या पॉकेटात घालायचा आणि त्याच वेळी पांढरा मागे ओढून, साइड म्हणजे बाजूची फिरकी देऊन, कुशनवरून परत वर लाल चेंडूंकडे आणायचा, असा तो मामला होता. हिगिन्सने तो आणला. फ्रेम जिंकली, सामना जिंकला, आणि अंतिम फेरीत रे रिअर्डनला १८-१५ असे हरवताना शेवटच्या फ्रेममध्ये १३५ गुणांनी टेबल साफ केले.

आता ही चित्रफीत खेळाडूचे नाव झाकून एखाद्या कडक प्रशिक्षकाला दाखवावी. तो चुकांची यादी करायला बसेल. क्यू मागे-पुढे होतो तो झटक्याझटक्याने. फटक्याच्या क्षणी डोके वर येते, खांदा फिरतो, सगळे अंग उसळी मारते. वर्गातल्या मुलाने असा एक फटका मारला तर त्याला तिथेच थांबवतात. आणि हाच माणूस १९७२ साली पहिल्याच प्रयत्नात जगज्जेता झाला होता, वयाच्या २२व्या वर्षी.

हिगिन्स बेलफास्टचा. ‘जॅमपॉट’ नावाच्या बिलियर्ड्स हॉलमध्ये लहानपणीच रमलेला. पोरवयात जॉकी व्हायला इंग्लंडला गेला, ते जमले नाही, परत आला. समोर पुस्तक धरून, आरशात पाहून घडवलेला हात तो नव्हेच. मोठ्यांमध्ये उभे राहून, पाहून, हरून, पैजा लावून घडलेला हात. तो हात अखेरपर्यंत तसाच राहिला, हे स्नूकरचे भाग्य.

स्नूकरचा शास्त्रशुद्ध फटका कसा असतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यामागे खरोखरच विचार आहे. पाय घट्ट रोवलेले. हनुवटी क्यूला टेकलेली. कोपर क्यूच्या रेषेत, आणि कोपरापासून खाली हात घड्याळाच्या लंबकासारखा लटकलेला. हलायचे ते फक्त कोपराखालच्या हाताने. डोके, खांदा, कंबर जागच्या जागी. मागे नेलेला क्यू पुढे आणण्याआधी क्षणभर थांबवायचा. हे सगळे कशासाठी? हलणारे सांधे जितके कमी, तितक्या चुकण्याच्या जागा कमी. स्नूकरचे टेबल बारा फुटी, चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. तीन मीटरवरच्या चेंडूकडे पांढरा पाठवताना दिशा एका अंशाने चुकली तर तो सुमारे सव्वापाच सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या चेंडूएवढा. इतक्या अरुंद गल्लीतून जायचे तर शिस्त हवीच, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो शिस्त कशाला म्हणायचे, याबद्दल.

चामड्याची टिप आणि पांढरा चेंडू यांची गाठ पडते ती साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात जे व्हायचे ते होऊन जाते. टिप चेंडूला कुठे लागली, कोणत्या दिशेने जात होती, किती वेगाने जात होती आणि क्यू किती कलता होता, एवढेच चेंडूला कळते. त्याआधी क्यू नागमोडी गेला की सरळ, कोपर आत होते की बाहेर, डोके नंतर वर आले की नाही, याची चेंडूला खबर नसते. त्या एका क्षणी टिप योग्य जागी, योग्य दिशेने आणि योग्य वेगाने पोचली पाहिजे आणि हजार वेळा तशीच पोचली पाहिजे. शास्त्रशुद्ध पवित्रा हा तिथे पोचण्याचा एक चांगला रस्ता आहे, बहुतेकांसाठी सगळ्यांत सोपाही. पण तिथे पोचणारे इतर रस्तेही आहेत, आणि त्यांवरून माणसे जगज्जेतेपदापर्यंत गेली आहेत. हे मान्य करायला आपल्याकडचे शिकवणारे का कचरतात, हा प्रश्न मोकळेपणाने विचारायला हवा.

ज्याने हे शास्त्र घालून दिले, त्याच्याकडेच पाहा. इंग्लंडच्या जो डेव्हिसने १९२७ ते १९४६ या काळात जागतिक अजिंक्यपद पंधरा वेळा जिंकले. अधिकृत मान्यता मिळालेला १४७ गुणांचा पहिला ब्रेक त्याचाच, १९५५ सालचा. ‘हाऊ आय प्ले स्नूकर’ हे त्याचे पुस्तक पुढच्या पिढ्यांचे क्रमिक पुस्तक ठरले. स्टीव्ह डेव्हिसला त्याच्या वडिलांनी, बिल डेव्हिस यांनी, याच पुस्तकावरून शिकवले. बापलेक मिळून एकेक पान टेबलावर उतरवून पाहायचे आणि त्यातून ऐंशीच्या दशकातला सहा वेळचा जगज्जेता तयार झाला. आडनाव एकच असले तरी जो आणि स्टीव्ह यांचे नाते नाही. नाते पुस्तकाचे.

पण त्या पुस्तकाच्या लेखकाचा उजवा डोळा अधू होता. तो नेम धरायचा डाव्या डोळ्याने, आणि त्यामुळे त्याचा क्यू हनुवटीच्या मधोमध न जाता डावीकडे, डाव्या डोळ्याखालून जायचा. दोन्ही डोळ्यांनी सारखे पाहणाऱ्याच्या मापाने ही ठेवण चुकीचीच. जो डेव्हिसच्या मापाने तीच बरोबर. लहानपणी कुणी त्याची मान धरून ती मधोमध आणली असती, तर स्नूकरला ते पुस्तक मिळाले असते का? आपल्या शरीरात काय आहे आणि काय नाही, हे पाहून त्याने रेषा शोधली. त्याच्या पुस्तकातून घ्यायचे ते खरे तर हेच शोधणे होते.

अमेरिकेत पूलच्या टेबलांवर तर याहून जगावेगळे हात दिसतात. त्याला कारण आहे. पूलचे टेबल नऊ फुटी, चेंडू ५७ मिलिमीटरचे, पॉकेटे सढळ. स्नूकरमध्ये जी चूक पॉकेटच्या जबड्यात अडकते, ती पूलमध्ये कित्येकदा आत जाते. त्यामुळे वेगळा हात टिकून राहायला, पिकायला तिथे अवसर मिळतो.

कीथ मॅक्रेडीचे उदाहरण घ्या. मार्टिन स्कॉर्सेसीचा १९८६चा ‘द कलर ऑफ मनी’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना टॉम क्रूझच्या पात्राला हरवणारा ग्रेडी सीझन्स आठवेल. ती भूमिका करणारा मॅक्रेडी हा खराखुरा पूल खेळाडू, पैजांच्या खेळात मुरलेला. त्याचे कोपर खाली लटकतच नाही. ते बाहेर, बाजूला निघालेले असते, आणि दाराची कडी सरकवावी तसा हात आडवा फिरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, हा आता क्यू टेबलाला घासणार. असा हात का पडला? तो इतका लहान असताना खेळू लागला की टेबल त्याच्या खांद्याशी यायचे आणि क्यू वर धरूनच मारावे लागायचे.

हे कारण नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. स्नूकरच्या टेबलाची उंची सुमारे ८६ सेंटिमीटर. सात वर्षांच्या मुलाच्या छातीशी ती येते. लंबकासारखा हात लटकायचा तर कोपर टेबलाच्या बरेच वर हवे. ते जाणार कुठून? मग मूल कोपर बाजूला काढते, टाचा उचलते, खांदा वर घेते. त्याच्या उंचीला जे शक्य आहे त्यातून ते चेंडू पॉकेटात घालण्याची वाट काढते. पुढे उंची वाढते, पण हाताला लागलेले वळण राहते. त्या वळणात आठ-दहा वर्षांचा अंदाज साठलेला असतो. किती कोनावर कापायचे, किती जोर, कुशनवरून कुठे परतेल, हे सगळे त्या वाकड्या कोपराला माहीत झालेले असते. कोपर सरळ करायला सांगणारा माणूस ते सगळे पहिल्यापासून शिकायला सांगत असतो. ही किंमत कधी मोजावी लागते, कधी मोजण्यासारखीही असते. पण ती किंमत आहे, हे आधी मुलाला सांगायला हवे.

फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचीही सुरुवात अशीच. मनिलातल्या ‘लकी थर्टीन’ या मामा-काकांच्या पूल हॉलमध्ये तो वाढला, रात्री टेबलावरच झोपला, आणि हात पोचावा म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभा राहून खेळला. १९८५ साली तो अमेरिकेत ‘सेझार मोरालेस’ या दुसऱ्याच नावाने उतरला. १९९४ साली यूएस ओपन नाइन-बॉल जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी, १९९९ साली कार्डिफमध्ये जगज्जेता. १९९६ साली हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडशी १२० रॅक आधी कोण जिंकतो, असा सामना झाला तोही त्याने १२०-११७ असा घेतला. त्याचा क्यू हातात इतका सैल असतो की आता गळून पडेल असे वाटावे. मनगट मोकळे, झोका लांब, आणि फटक्याआधी टिप पांढऱ्याच्या पार तळाशी रोखलेली.

त्याच्याच देशाचा फ्रान्सिस्को बुस्तामांते हे आणखी पुढचे प्रकरण. तो वाकतो तेव्हा टिप चेंडूच्या मध्यावर नसते, ती जवळजवळ कापडाला टेकलेली असते. पुढचा हात चेंडूपासून बराच दूर. मग मागचा हात लांबलचक झोके घेऊ लागतो, एक, दोन, तीन, चार, आणि दर झोक्याला क्यूचे टोक वर-खाली होते. पाहणाऱ्याला कळतच नाही की हा मारणार कुठे. अखेरच्या झोक्यात टोक खालून वर येते आणि जिथे लागायला हवे तिथे नेमके लागते. वर मारायचे असो, मध्ये असो की साइड द्यायची असो, तयारी तीच, तळाशी. पुस्तकाच्या हिशेबाने हे उघड चुकीचे आहे. जिथे मारायचे तिथे टिप आधी ठेवावी, हा अगदी पहिला धडा.

त्या सैल, लांब झोक्याचे एक कारण जाणकार सांगतात ते महाराष्ट्राच्या वाचकाला लगेच पटावे. दमट हवेत टेबलाचे लोकरी कापड ओल धरते आणि चेंडू जड चालतो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत स्नूकरच्या टेबलाच्या दगडी पाट्यांखाली त्यासाठीच हीटर बसवलेले असतात. मनिलाच्या गल्लीतल्या हॉलमध्ये कुठला हीटर? तिथे पांढऱ्याला टेबलभर फिरवायचे तर आखडता हात चालत नाही, क्यू मोकळा सोडावा लागतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत जुलै महिन्यात साध्या टेबलावर जो खेळला आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. हिवाळ्यात सुसाट परतणारा चेंडू पावसाळ्यात अर्ध्या वाटेत दम सोडतो. अशा टेबलावर शिकलेल्या मुलाचा झोका लांबला तर त्याने हवेला दिलेले ते उत्तर असते.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो. असले हात चांगल्या दिवशी चालतात, दडपणाखाली मोडतात, असे म्हणतात. बुस्तामांतेच्या बाबतीत २००२ साली काय झाले ते आठवावे. कार्डिफला जागतिक नाइन-बॉल स्पर्धा चालू असताना त्याची तान्ही मुलगी मायदेशी वारल्याची बातमी त्याला कळली. तो स्पर्धेत राहिला आणि अंतिम फेरीपर्यंत पोचला. तिथे स्ट्रिकलंडकडून १७-१५ असा निसटता हरला. याहून मोठे दडपण माणसावर कोणते असेल? त्यातही तो वर-खाली होणारा क्यू त्याच्या हाताशी इमान राखून होता. आठ वर्षांनी, २०१० साली, दोहा इथे तो जगज्जेता झाला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

जिमी मूर या जुन्या अमेरिकन खेळाडूचा प्रकार आणखी निराळा. क्यू मागे नेताना त्याची मूठच दांड्यावरून मागे घसरायची आणि तिथे पकड घेऊन तो फटका मारायचा. त्याला ‘स्लिप स्ट्रोक’ असे नाव आहे. आज कुणी नवशिक्याला हे शिकवणार नाही, आणि शिकवूही नये.

कारण दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिगिन्स, मॅक्रेडी, बुस्तामांते आपल्याला माहीत आहेत ते जिंकले म्हणून. तसाच वाकडा हात घेऊन आयुष्यभर क्लबातल्या तिसऱ्या टेबलापलीकडे न गेलेले हजारो असणार, त्यांची चित्रफीत कुणी जपलेली नाही. स्वतः हिगिन्सच्या दोन जगज्जेतेपदांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे. त्यात त्याच्या दारूचा आणि बेबंद जगण्याचा वाटा असेलच, पण ज्या हाताला सगळे अंग एका क्षणी जुळून यावे लागते, तो हात रोज जुळत नाही हेही असेल. स्टीव्ह डेव्हिसच्या घडीव हाताने सहा वेळा जग जिंकले, हा योगायोग नव्हे. नव्या मुलाला पहिल्या दिवशी सरळ कोपरच शिकवावे. ज्याच्या हाताला अजून कुठलेच वळण नाही, त्याला मळलेली वाट दाखवण्यातच शहाणपण आहे.

प्रश्न येतो तो वळण पडल्यावर. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एखाद्या जिमखान्यात किंवा गल्लीतल्या पार्लरमध्ये चार वर्षे खेळून प्रशिक्षकाकडे येतो. चेंडू पॉकेटात घालतो, पांढरा हवा तिथे थांबवतो, पण कोपर बाहेर आहे. पहिल्याच तासाला त्याचे कोपर धरून आत ढकलले जाते. आता तर मोबाइल आहे. मुलाचा फटका संथ गतीत चित्रित करायचा, शेजारी रॉनी ओसलिव्हनचा लावायचा आणि फरक मोजायचे. त्या चित्रात मुलाचा हात दिसतो, खांदा दिसतो, डोके दिसते. चेंडू कुठे गेला ते पुष्कळदा चौकटीबाहेर राहते. सहा महिन्यांत मुलाचा हात देखणा होतो आणि खेळ बसतो. मग तो मुलगा येईनासा होतो. हे नुकसान कुठल्याही नोंदवहीत लिहिले जात नाही, म्हणून ते नुकसान वाटत नाही, इतकेच.

ज्या खेळाची आपण एवढी पोथी करतो, तो जन्मला १८७५ साली जबलपूरच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने पावसाळ्याच्या रिकाम्या वेळात जुन्या खेळात रंगीत चेंडूंची भर घालून पाहिली, आणि नियम लिहून उटीच्या क्लबात लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. आधी खेळ, मग नियम. महाराष्ट्राचेही या टेबलाशी जुने नाते आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरांनी पुढे ते पद तीनदा आणले. या सगळ्या काळात क्लबांमध्ये मार्कर नावाचा माणूस असायचा, अजूनही आहे. गुण मांडणारा, कापड ब्रश करून इस्त्री करणारा, टिप बसवून देणारा. शेकडो हात रोज पाहणाऱ्या अशा जुन्या मार्करला एक गोष्ट चांगली कळते. कुणाचा हात कसा दिसतो याकडे तो फारसे पाहत नाही. तो आवाज ऐकतो. टिप चेंडूला नीट लागली की ठोका भरीव येतो, तिरकी लागली की पोकळ. पाठ वळवून चॉक शोधत असतानाही त्याला कळते की फटका कसा बसला.

पुस्तकात न बसणाऱ्या हाताचा एक जण आजच्या जगज्जेत्यांतही आहे. २०१९ साली जॉन हिगिन्सला १८-९ असे धुऊन काढणारा जड ट्रम्प. त्याचा क्यू मागे जाताना काटेकोर सरळ रेषेत जात नाही, हे समालोचक वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. त्याने एकाहून अधिक हंगामांत शंभरच्या वर शतकी ब्रेक केले आहेत. इतक्या वेळा योग्य जागी पोचणाऱ्या टिपेला वाकडी कोण म्हणेल?

प्रशिक्षकांना एक करता येण्यासारखे आहे, आणि त्याला मोबाइल लागत नाही. स्नूकरमधली ही जुनीच तालीम आहे. पांढरा चेंडू ब्राउनच्या ठिपक्यावर ठेवायचा. निळा, गुलाबी, काळा या तिन्ही ठिपक्यांवरून तो सरळ वरच्या कुशनला मारायचा आणि क्यू तिथेच धरून ठेवायचा. टिप मध्यावर आणि सरळ लागली असेल तर पांढरा त्याच वाटेने परत येऊन टिपेला टेकतो. जराशी साइड लागली असली तरी कुशनवर तो बाजूला फुटतो. नव्याने आलेल्या मुलाकडून हे वीस वेळा करून घ्यावे, आधी हळू, मग जोरात. त्या वेळी त्याच्या मागे उभे राहून कोपर न्याहाळण्याऐवजी वरच्या कुशनपाशी जाऊन उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पांढऱ्यावर नजर ठेवावी. वीसपैकी किती परतले ते वहीत तारखेसह लिहावे. पंधरा-सोळा परतले तर त्या दिवशी मुलाच्या हाताला हात लावू नये, सेफ्टी, म्हणजे बचावाचा खेळ, शिकवायला घ्यावी. चार-पाचच परतले, तर मात्र टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे यावे आणि कोपराबद्दल बोलणे सुरू करावे.